मदत हवी आहे: पावसाळ्यात .३२ च्या पोलादी पिस्तुलावर गंज

नमस्कार मंडळी. परवान्याचं जुनं .३२ पिस्तूल, अख्खं पोलादी, रोज कमरेला असतं. वजनामुळे झटका कमी बसतो, हातात ठाम राहतं. हलक्या पॉलिमरच्या (प्लास्टिक सांगाड्याच्या) पिस्तुलासाठी ते सोडवत नाही. अडचण नाशिकच्या पावसाळ्याची. स्लाइडच्या (वरच्या सरकत्या भागाच्या) अंगाकडच्या बाजूला, नेमकं चामडी होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) घासतं तिथेच, ब्ल्यूइंग (गंज रोखणारा निळसर-काळा थर) उडून मोहरीएवढे तांबूस ठिपके आलेत. चामडं घाम धरून ठेवतं, म्हणून रात्री त्यात ठेवत नाही.

मॅगझीन काढून, चेंबर रिकामं असल्याची खात्री करून, सर्वांत बारीक स्टील वूल तेलात भिजवून हलक्या हाताने फिरवली. ठिपके गेले, बारीक खड्डे राहिले. आता थंड ब्ल्यूइंग (न तापवता रसायन लावून केलेलं) घामात टिकेल, की परवानाधारक कारागिराकडून गरम ब्ल्यूइंगच (तापलेल्या रसायनात बुडवून केलेलं) करून घ्यावं? कायडेक्स (कडक प्लास्टिक) होल्स्टर घाम शोषत नाही, पण त्याच्या कडा जास्त घासतात का?