हरिश्चंद्रगडावर मुक्काम आणि नागपूरकर

गडावर रात्री मुक्कामाला जॅकेट कशाला, असं विचारलंत. नागपूरकर इथेच फसतो! आम्ही चौघं मित्र डिसेंबरात गेलो. उन्हाच्या सवयीनं पाठपिशवीत पाण्याच्या बाटल्याच बाटल्या, पांघरायला मात्र एकेक चादर. गड 1424 मीटर उंच, त्यात कोकणकड्याचा, म्हणजे गडाच्या उभ्या कड्यावरचा, वारा. पहाटेपर्यंत एकाच ताडपत्रीत गुंडाळून तर्री-पोह्यांची आठवण काढत बसलो होतो.

विदर्भ एक्सप्रेसनं इगतपुरीला उतरा, राजूरमार्गे गडाच्या पायथ्याचं पाचनई गाव गाठा. तिथून चढ सोपा आहे. नळीची वाट ही दुसरी, उभी आणि अवघड चढण; ती पाठीवर ओझं घेऊन नकोच. आणि गडावरच्या केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्यात उतरायची पैज लावू नका. मी लावली होती, दोन दिवस शिंकत होतो.