इकिनॉप्सचे दांडे आडवे पडतायत, काय करू?

कुंडीवाली:
मंडळी, इकिनॉप्स रिट्रो कोणी लावलंय का? ते निळ्या काटेरी गोळ्यांचं. मला पूर्ण उन्हाच्या जागेसाठी कमी पाण्यावर जगणारं काहीतरी हवं होतं म्हणून बी टाकलं. पहिल्या वर्षी नुसती पानं, यंदा दांडे आले पण कमरेइतके झाले की सरळ लोळण घेतात आणि खालची पानं पिवळी पडतायत. उपाशी नक्की नाहीये, भरपूर शेणखत घातलंय, दुपारी पानं मलूल दिसतात म्हणून रोज पाणीपण देतेय. आणि हे म्हणे सूर्यफुलाच्या कुळातलं, मग पाकळ्या कुठेत याच्या??

रानवाट:
ताई, लाड बंद करा आधी. हे झाड मूळचं दक्षिण नि पूर्व युरोपापासून मध्य आशियापर्यंतच्या कोरड्या, दगडगोट्यांच्या उतारांवरचं, त्याला शेणखत म्हणजे नको तिथे मेजवानी, भसाभस वाढतं आणि दांडा पोकळ-नाजूक राहतो मग पडणारच. खत पूर्ण थांबवा. दुपारी पान मलूल दिसलं म्हणून लगेच पाणी नाही घालायचं, संध्याकाळी परत ताठ झालं का ते बघा, झालं असेल तर तहान नव्हती, ऊन होतं. पिवळ्या पानांचं कारण बहुतेक मुळाशी साचलेलं पाणी. दुष्काळ हे काढतं, पण ओल्या चिकट मातीत थंडीचे दिवस काढायचे म्हटले की मूळ सडतं.

पानफुटी:
पाकळ्यांचं सांगते, मला हा विषय भारी आवडतो 😄 झेंडू-सूर्यफुलात आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर बारक्या फुलांचा अख्खा गुच्छ असतो, आणि त्याला खालून हिरव्या छदांची (म्हणजे फुलाखालच्या बारक्या पानांची) एक वाटी असते. इकिनॉप्सने गंमत केलीये, त्याच्या गुच्छात फूल एकच! पण त्या एकाला स्वतंत्र वाटी आहेच, आणि असे एकेका फुलाचे शेकडो गुच्छ मिळून तो गोळा. गोळ्यातला एक काटा चिमटीने उपटून बघा (पानं टोचतात, जपून), खाली टोकदार छदं आणि त्यातून वर आलेली एकच निळी नळी, टोकाला पाच फाटे. उमलतंपण वरून खाली, म्हणजे माथा उमललेला आणि खाली अजून कळ्याच. मधमाश्या तर सोडतच नाहीत. आपली माळरानावरची उटकटारी हिचीच सख्खी बहीण, गोळा बघितला की लगेच ओळखू येतं.

मातीखालचा:
रानवाट यांचं पटलं, पण एक सांगतो, "कमी पाणी" हे मूळ खोल गेलेल्या झाडाला लागू. याचं सोटमूळ असतं, त्याच्याच जिवावर सगळा माज. बारक्या रोपाला पहिला हंगाम पाणी लागतंच, आणि उथळ कुंडीत असेल तर दुष्काळ-बिष्काळ विसरा, तिथे मूळ जाणार कुठे? लोक पाकीट वाचून पहिल्याच महिन्यात पाणी तोडतात आणि मग झाडाला नावं ठेवतात.

कुंडीवाली:
नावात कुंडी असली तरी हे जमिनीत आहे हो 😅 माती जरा चिकटच आहे पण. मग उपटून दुसरीकडे वाळू-खडीत लावू का?

मातीखालचा:
मोठं झालेलं हलवू नका, सोटमूळ तुटतं आणि रुसतं. झाड विश्रांतीत गेलं की कडेने उकरून जाड मुळाचे बोटभर तुकडे घ्या आणि नव्या जागी उभे लावा, वरचं टोक वरच राहू द्या, उलटं लागलं तर गेलं. जुन्याला यंदा काठीचा टेकू द्या.

रानवाट:
आणि गोळे सुकवायचे असतील तर निळा रंग चढला की फुलं उमलायच्या *आधी* तोडा, उलटे टांगा सावलीत. उमलल्यावर तोडलं की सुकताना सगळं झडतं. दोनचार मात्र झाडावर ठेवा, नाहीतर पानफुटीताईंच्या मधमाश्या भांडायला येतील.