वार्षिक अधिवेशनातली सहल आणि स्नेहभोजन: कोणत्या दिवशी, किती माणसं, किती वेळ?

नवी_कार्यवाह

नमस्कार. एका विज्ञान संस्थेच्या वार्षिक अधिवेशनातल्या सामाजिक कार्यक्रमांचं काम आमच्या छोट्या समितीकडे आलं आहे. अधिवेशन चार दिवसांचं, नोंदणी ३०० च्या आसपास, त्यात जवळपास निम्मे विद्यार्थी किंवा पहिल्यांदाच येणारे. काही जण कुटुंब घेऊन येतात. कच्चा आराखडा असा: पहिल्या संध्याकाळी स्वागत समारंभ, तिसऱ्या दिवशी दुपारी सहल, चौथ्या रात्री स्नेहभोजन आणि त्यातच पुरस्कार. सहलीला १८० जण धरले आहेत.

अडतंय तीन ठिकाणी. आकडे पक्के कधी आणि कसे करायचे? १८० माणसं बसने नेऊन वेळेत परत आणता येतात का? आणि ज्येष्ठ मंडळी एका कोपऱ्यात, विद्यार्थी दुसऱ्या कोपऱ्यात हे चित्र कसं मोडायचं? करमणुकीचे कार्यक्रम ठेवायचे नाहीत. माणसं एकमेकांशी बोलली पाहिजेत, एवढाच हेतू आहे.

घड्याळवाला

सगळ्यात आधी स्नेहभोजन चौथ्या रात्रीवरून तिसऱ्या रात्री आणा. शेवटच्या दिवशी दुपारपासून लोक परतीच्या गाड्या-विमानं पकडायला निघतात. विद्यार्थी तर एका रात्रीचा राहण्याचा खर्च वाचवायला हमखास निघतात. म्हणजे ज्यांच्यासाठी जेवण ठेवलं तेच नसतात.

मग सहल दुसऱ्या दिवशी दुपारी घ्या. सहल आणि भोजन एकाच दिवशी ठेवलंत तर सहलीला झालेला उशीर थेट जेवणावर येतो. शिवाय सहलीत झालेल्या ओळखी पुढच्या दोन दिवसांत चहाच्या सुट्टीत आणि संशोधनाच्या पोस्टरसमोर उपयोगी पडतात. शेवटी शेवटी झालेली ओळख तिथेच राहते.

पुरस्कारांबद्दल माझं मत ठाम आहे: ते मुख्य सभागृहात, सर्वांसाठी खुल्या सत्रात द्या. भोजनाचं वेगळं शुल्क परवडलं नाही म्हणून आपल्याच प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याचा सत्कार बघता येऊ नये, हे वैज्ञानिक संस्थेला शोभत नाही. भोजनात भाषणं एकूण दहा मिनिटांच्या आत, आणि तीही सगळ्यांच्या पुढ्यात काहीतरी वाढलं गेल्यावर. उपाशी माणूस आभारप्रदर्शन ऐकत नाही.

आता आकडे. केटरर अंतिम आकडा साधारणपणे तीन ते सात दिवस आधी मागतो, आणि तो दिल्यावर कमी माणसं आली तरी बिल तेवढंच लागतं. म्हणजे अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी काउंटरवर विचारून भोजनाचा आकडा ठरवता येत नाही. तोवर उशीर झालेला असतो. त्यासाठी नोंदणी अर्जात भोजन आपोआप जोडू नका. 'येणार' ही खूण माणसाने स्वतः करायला हवी. दहा दिवस आधी एक स्मरणपत्र, त्यात 'येत नाही' असं कळवायची एका क्लिकची सोय. आकडा वाढतो तो कुटुंबीयांमुळे, म्हणून सोबत येणाऱ्यांची संख्या आणि लहान मुलांची वयं त्याच अर्जात विचारा.

सहलीचं गणित वेगळं. तिकीट आधी पाठवूच नका. नाव नोंदवलेल्या माणसाने पहिल्या दिवशी काउंटरवर 'हो, येतोय' म्हटल्यावरच ते हातात द्या. फुकट सहलीला नावं भरमसाट येतात आणि ऐन वेळी लोक भाषणाची तयारी करत खोलीवर बसतात. थोडी अनामत घेऊन बसमध्ये चढताना परत केली की हे बरंच आटोक्यात येतं. प्रतीक्षायादी सहलीच्या सकाळपर्यंत उघडी ठेवा.

शेवटचा_गडी

बसचं बघू. ४५ आसनांची बस धरली तर तिकिटं ४० चीच काढा. एखादी बस बंद पडली तर तिची माणसं उरलेल्या बसमध्ये सामावावी लागतात, आणि स्वयंसेवक, मार्गदर्शक, पाण्याचे खोके यांनाही जागा लागते. १८० साठी पाच बस.

वेळ जातो तो प्रवासात नाही, चढण्यात. एका दाराच्या बसमध्ये ४० माणसं चढून, स्थिरावून, मोजून व्हायला आठ-दहा मिनिटं लागतात. 'पहिली भरली की दुसरी लावा' असं केलंत तर पाच बसला पाऊण तास गेला. म्हणून तिकिटावर बस क्रमांक छापा, पाचही बस एकाच वेळी उभ्या करा आणि प्रत्येकीच्या दारात यादी घेतलेला एक स्वयंसेवक ठेवा. लांबूनही वाचता येईल एवढा मोठा क्रमांक पुढे आणि दाराशेजारी, दोन्हीकडे चिकटवा. नुसता पुढे लावला तर रांगेत उभ्या बसमध्ये मागच्यांचा क्रमांक दिसत नाही.

निघण्याची वेळ बिघडवणारं दुसरं कारण म्हणजे सकाळचं शेवटचं सत्र. तिथे घड्याळ कडक पाळणारा सत्राध्यक्ष बसवा आणि मुख्य व्याख्यान तिथे ठेवू नका. व्याख्यात्याभोवती प्रश्न विचारणाऱ्यांचा घोळका सुटता सुटत नाही. सत्र साडेबाराला संपत असेल तर बस दीडला निघेल असं धरा आणि जेवणाचं पाकीट चढतानाच हातात द्या.

मोजणी: चालत्या माणसांची कधीही मोजू नका. सगळे बसल्यावर दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आकडे जुळले तरच गाडी हलवायची. परतताना लोक मित्राच्या बसमध्ये चढतात आणि मग एका बसमध्ये एक कमी, दुसरीत एक जास्त, अर्धा तास शोधाशोध. जाताना ज्या बसने गेलात त्याच बसने परत, हा नियम ध्वनिवर्धकावर दोनदा सांगा. बदल करायचाच असेल तर दोन्ही यादींवर लिहून घ्या. प्रत्येक यादीवर सहभागींचा फोन आणि घरच्या कुणाचा तरी आपत्कालीन क्रमांक हवा. यादीची एक प्रत बसमध्ये, एक मुक्कामी थांबलेल्या माणसाकडे. पाच बससोबत एक लहान गाडी रिकामी ठेवा. कुणाला बरं वाटेनासं झालं तर चाळीस जणांना घेऊन परतावं लागत नाही.

नवी_कार्यवाह

खूप उपयोगी. दिवस बदलतोय. आणखी एक: पाचपैकी दोन बसची मंडळी टेकडीवर चढून जातील असा विचार आहे. अंतर येऊन-जाऊन ६ किलोमीटर, चढ ३०० मीटर. अडीच तास पुरतील? आणि पत्रकात 'मध्यम अवघड' लिहिलं तर चालेल का?

शेवटचा_गडी

अडीच तास पुरणार नाहीत. १८९२ पासून वापरात असलेला नाइस्मिथचा नियम आहे: तासाला ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. तुमच्या वाटेला ७२ मिनिटं अधिक ३० मिनिटं, म्हणजे एक तास ४२ मिनिटं. पण हा हिशोब सवयीच्या, न थांबणाऱ्या चालणाऱ्याचा आहे. चाळिसांचा गट सर्वांत हळू माणसाच्या वेगाने चालतो, शिवाय फोटो, बुटाच्या नाड्या, एखादं झुडूप दिसलं की तिथेच चर्चा. दीडपट धरा, दोन तास ३३ मिनिटं झाली. वर थांबायला अर्धा तास मिळून तीन तासांच्या वर जातं. तेवढा वेळ नसेल तर माथ्यापर्यंत न्यायचा हट्ट सोडा आणि परत फिरायची वेळ घड्याळात आधीच ठरवा, कुठेही पोचलेले असा.

पुढे वाटाड्या, सर्वांत मागे एक माणूस, आणि त्याच्या मागे कुणी राहता कामा नये. मागच्या माणसाकडे प्रथमोपचाराची पेटी हवी, कारण त्रास होणारा मागेच पडतो. पाणी दर तासाला माणशी अर्धा लिटर, ऊन असेल तर जास्त. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ लागला तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. लगेच खाली उतरून इमारतीत किंवा बसमध्ये जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही.

'मध्यम अवघड' लिहू नका. कुणासाठी मध्यम? अंतर, चढ, पायऱ्या किती, कठडा आहे का, जमीन कशी (फरशी, माती, सुटे दगड), सलग किती वेळ उभं राहावं लागेल, स्वच्छतागृह कुठे कुठे आहे, हे लिहा. गुडघेदुखी असलेला, गरोदर बाई, चाकाची खुर्ची वापरणारा सहकारी, प्रत्येक जण मग स्वतःचं ठरवू शकतो, आणि कुणाला आपली तब्येत समितीपुढे उघड करावी लागत नाही. पाचपैकी निदान एका बसची सहल पायऱ्यांशिवाय होणारी हवी, आणि तीही इतरांना जावीशी वाटेल अशी.

परिघावर

ज्येष्ठ आणि विद्यार्थी वेगळे बसतात याचं कारण आखडूपणा नसतो. माणूस अनोळखी खोलीत शिरला की ओळखीचा चेहरा शोधतो, आणि नव्याला तो मिळत नाही. तेव्हा उपाय स्वागत समारंभाच्या आधी करायला हवा. पहिल्या दिवशी संध्याकाळी, स्वागताच्या बरोबर आधी, सव्वा-दीड तासाची बैठक ठेवा: दर टेबलावर एक ज्येष्ठ आणि चार विद्यार्थी, २० ते २५ मिनिटांच्या तीन फेऱ्या, फेरी संपली की ज्येष्ठाने उठून पुढच्या टेबलावर जायचं. विद्यार्थ्यांना उठवू नका, गोंधळ होतो. टेबलावर एक विषय लिहिलेलं कार्ड ठेवा (पीएचडीनंतर काय, लेख नाकारला गेल्यावर काय, उपकरण सामायिक वापरायला मागायचं कसं). म्हणजे पहिली पाच मिनिटं 'कुठून आलात'मध्ये जात नाहीत. तिथून मंडळी थेट स्वागताला जातात आणि प्रत्येक विद्यार्थ्याला तिथे निदान सहा चेहरे माहीत असतात, तीन ज्येष्ठ आणि चौकडीतले इतर तीन.

भोजनात जागा ठरवून द्या. जर्मनीतल्या ओबरवोल्फाख इथल्या गणित संशोधन संस्थेत जेवणाच्या वेळी प्रत्येकाच्या नावाचं रुमालाचं पाकीट टेबलांवर कसंही पिसून ठेवतात. जिथे आपलं नाव तिथे बसायचं. निवड नसल्यामुळे कुणी कुणाला टाळल्यासारखंही वाटत नाही. ३०० जणांना हे झेपायचं नाही, पण प्रवेशद्वाराशी टेबल क्रमांकाची चिठ्ठी उचलायला लावणं जमतं. कुटुंबासह आलेल्यांना मात्र एकत्र बसू द्या.

बॅजकडे कुणी लक्ष देत नाही, पण ओळखी तिथूनच सुरू होतात. दोन मीटरवरून वाचता यायला नावाचं अक्षर ८ ते १० मिलिमीटर उंच हवं. संस्थेचं बोधचिन्ह लहान करा, नाव मोठं. दोन्ही बाजूंना छापा, कारण तो उलटा होतोच. दोरी आखूड ठेवा, नाहीतर नाव टेबलाच्या कडेखाली जातं.

घड्याळवाला

'परिघावर' यांच्या चिठ्ठ्यांना थोडा विरोध. संपूर्ण संध्याकाळ ठरवलेल्या जागी बसवणं फार होतं. मुख्य जेवणापर्यंत ठरलेली जागा, गोड पदार्थ दुसऱ्या दालनात उभ्याने, असं केलं की दोन्ही साधतं.

परिघावर

मान्य, दालन जोडून असेल तर. लांब चालावं लागलं तर लोक तिथूनच खोल्यांवर जातात.

डावपळी

जेवणाच्या दालनाबद्दल कुणी बोललं नाही, आणि बोलणं बंद पडतं ते तिथेच. उभ्याच्या स्वागताला माणशी एक चौरस मीटर, टेबल-खुर्च्यांना दीडच्या आसपास जागा धरा. १.८ मीटर व्यासाच्या गोल टेबलाला दहा माणसं बसतात, पण तुम्ही आठच बसवा. दहा जणांत समोरच्याचं ऐकू येत नाही. मोठी अडचण गोंगाटाची. उंच छत, गुळगुळीत फरशी, काचेच्या भिंती असतील तर आवाज विरत नाही, मग प्रत्येक जण आणखी मोठ्याने बोलतो आणि पातळी चढतच जाते (१९११ मध्ये लोंबार्ड या फ्रेंच डॉक्टरने ही प्रवृत्ती नोंदवली, तिला त्याचंच नाव आहे). नेहमीचं बोलणं एक मीटरवर ६० डेसिबलच्या आसपास असतं. भोवतालचा आवाज ७० वर गेला की ओरडावं लागतं. पहिला फटका श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना आणि परक्या भाषेत बोलणाऱ्यांना. जाड पडदे आणि टेबलांवर कापड असलेलं दालन घ्या, पार्श्वसंगीत पूर्ण बंद.

वाढपाचं टेबल भिंतीला चिकटवू नका. दोन्ही बाजूंनी घेता आलं की रांग निम्मी होते. शंभर माणसांमागे असं एक दुतर्फी टेबल, म्हणजे तुम्हाला तीन. ताटं सुरुवातीला, चमचे आणि कागदी रुमाल अगदी शेवटी: आधी ठेवले तर एक हात त्यातच अडकतो आणि प्रत्येक पदार्थाशी माणूस थांबतो. पाणी वेगळ्या टेबलावर, समोरच्या भिंतीकडे. टेबल क्रमांकाप्रमाणे उठायला सांगा.

अर्जात 'आहारातली आवड' आणि 'अॅलर्जी' हे दोन वेगळे प्रश्न हवेत. एकत्र विचारलेत तर केटरर अॅलर्जीलाही आवड समजतो. अॅलर्जी असलेल्यांचं ताट स्वयंपाकघरातूनच झाकून, नाव लावून यावं. मांडलेल्या टेबलावर एका पातेल्यातला डाव दुसऱ्यात जातो, आणि पाटी कितीही बरोबर असली तरी अन्न तसं राहत नाही.

संध्याकाळच्या प्रत्येक कार्यक्रमाला गैरवर्तनाची (आचारसंहिता मोडल्याची) तक्रार घेणारे दोघे हजर हवेत, त्यांतली एक बाई, वेगळ्या रंगाच्या दोरीचा बॅज घालून. त्यांचा फोन क्रमांक सगळ्यांच्या बॅजमागे छापा. तक्रारी दिवसाच्या सत्रांपेक्षा या वेळीच जास्त उद्भवतात, आणि तेव्हाच कार्यालय बंद असतं.

नवी_कार्यवाह

पाऊस आला तर? पर्याय म्हणून यजमान संस्थेच्या प्रयोगशाळा दाखवायचा विचार आहे.

शेवटचा_गडी

चांगला पर्याय, पण १८० जणांना एकदम नाही. प्रयोगशाळेत एका वेळी दहा-बारा. त्याहून जास्त असतील तर मागच्यांना यंत्र दिसत नाही आणि कुणाचा तरी कोपर कशाला तरी लागतो. २० मिनिटांच्या फेऱ्या, चार प्रयोगशाळा एकाच वेळी उघड्या ठेवल्यात तर तासाला सुमारे १४० जणांना एकेक प्रयोगशाळा बघता येते. एनएमआरसारख्या (रेणूंची रचना तपासणाऱ्या) यंत्राचा मोठा चुंबक असेल तर दारातच विचारा: पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं दुसरं वैद्यकीय उपकरण असलेल्यांना ५ गॉसच्या रेषेपलीकडे (चुंबकीय क्षेत्र ५ गॉसहून जास्त होतं त्या सीमेच्या आत) नेऊ नका. बँक कार्डंही बाहेरच ठेवायला लावा. बोटं झाकणारी पादत्राणं हवीत, आणि हे सहलीच्या पत्रकातच लिहा, म्हणजे पाऊस आला तरी लोक तयार असतील.

निर्णय एकाच माणसाने घ्यायचा, निघण्याच्या तीन तास आधी. बसवाल्याशी करार करतानाच विचारून ठेवा की त्या वेळी रद्द केलं तर किती पैसे परत मिळतात. काही मिळत नसतील तर त्याच बस प्रयोगशाळांपर्यंत ने-आण करायला वापरता येतील का, हे लेखी घ्या.