बहिणीचं बी.फार्म: घराजवळचं नवीन कॉलेज की नागपूरचं जुनं? ऑप्शन फॉर्म भरायचा आहे

टिपेश्वरकडला
नमस्कार मंडळी. गाव पांढरकवडा तालुक्यात, घरी सहा एकर, कापूस अन् तूर. लहान बहिणीची बारावी झाली, सीईटीला पीसीबीत ७८ पर्सेंटाइल, ओबीसी. नीट पण दिली होती पण तिकडचं काही जमत नाही हे निकालाच्या दिवशीच समजलं, मग बी.फार्म करायचं ठरलं. ती म्हणते मला दुकान नाही टाकायचं, कंपनीत क्वालिटी कंट्रोलला जायचं.
आता दोन कॉलेजं डोक्यात आहेत. एक घरून २२ किलोमीटर, हायवेला लागून, तीन वर्षांआधी सुरू झालं, बिल्डिंग एकदम नवीकोरी, पहिली बॅच यंदा फायनलला जाईल. दुसरं नागपूरचं, जुनं, मित्राची बहीण तिथूनच शिकून निघाली. नावं टाकत नाही, इथे दोन्हीकडचे लोक असतील अन् उगाच भांडण लागेल.
जवळच्या कॉलेजचे एक सर मागच्या रविवारी घरी येऊन गेले, बहिणीला बॅग देऊन गेले, बाबांना म्हणाले काका तुम्ही कॅपच्या (सरकारच्या केंद्रीय ऑनलाइन प्रवेशाच्या) भानगडीत कायले पडता, इन्स्टिट्यूट लेव्हलला (कॉलेज स्वतः भरते त्यात) सीट धरून ठेवतो, ओरिजिनल टीसी तेवढी जमा करा. बाबा तयार होऊन बसले. आईचं म्हणणं पोरगी डोळ्यासमोर राहील. मी एकटाच नागपूर नागपूर करून राहिलो अन् घरी सगळ्यांना वाटते याला पैसे जास्त झाले. काय करावं सांगा.

वणीचा_मेडिकलवाला
भाऊ मी स्वतः डी.फार्मवाला, १७ वर्षं झाले दुकान चालवून रायलो. माह्या हिशोबानं जवळचं घ्या. कोणी इचारत नाही तुमी कोणत्या कॉलेजातून शिकले, काउन्सिलचं रजिस्ट्रेशन पायते, ते फ्रेम करून भितीले टांगलं की झालं. पेशंटले त गोयी पायजे, मार्कशीट नाही. अन् खरं सांगू का, चार वर्षं कायले घालवता, डी.फार्म करा, दोन वर्षं अन् वरून ५०० तासाचं ट्रेनिंग, मंग मन झालं त बी.फार्मच्या सेकंड इयरले डायरेक्ट जाता येते. पोरीच्या जातीले नागपुरात एकटं ठेवायचं म्हंजे मायबापाच्या जिवाले घोर.
पण टीसी देऊ नका. बाकी माह्यं काही आयका नाहीतर नका आयकू. एकडाव टीसी त्यायच्या कपाटात गेली की तेच सर फोन उचलत नाही.

आर्णीची_पोर
मेडिकलवाले काका, "पोरीच्या जातीले" वाचून मजा आली, मी तीन वर्षांपासून नागपुरात आहे, जिवंत आहे 🙂
दादा आधी हे पक्कं करा की इन्स्टिट्यूट लेव्हलला जायचंच नाही. २०२४-२५ पासून मुलींना ट्यूशन फी आणि एक्झाम फी १०० टक्के माफ आहे, ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे, पण अ‍ॅडमिशन कॅपमधून झाली असेल तरच. त्या सरांनी धरून ठेवलेली सीट घेतली की चारही वर्षं फी बाबांच्या खिशातून, आणि हे ते बॅग देताना सांगत नाहीत. डेव्हलपमेंट फी माफीत येत नाही, ती भरावीच लागते, दोन्ही कॉलेजांची किती आहे ते फी रेग्युलेटिंग अथॉरिटीच्या साइटवर बघून घ्या, कॉलेजच्या क्लार्कच्या तोंडच्या आकड्यावर जाऊ नका.
म्हणजे फरक राहिला तो फक्त राहण्याखाण्याचा. आम्ही तिघी एका रूममध्ये राहतो, माझ्या वाट्याला २२०० भाडं, मेस २८००, म्हणजे महिन्याला पाच हजार धरा, वर ऑटो, झेरॉक्स, जर्नलं. ओबीसीसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, ज्यांना सरकारी हॉस्टेल मिळत नाही त्यांना नागपुरात वर्षाला ६० हजारापर्यंत मिळतात, फॉर्म नक्की भरा, पण त्या भरवशावर मेसवाल्याला तारीख देऊ नका.
आणि २२ किलोमीटर म्हणजे जवळ नाही हो. कॉलेज जवळ आहे हे हायवेवरून कारने जाणाऱ्याला वाटतं. फार्मसीत हजेरी ८० टक्के लागते, प्रत्येक विषयाला वेगळी, थिअरीची वेगळी, प्रॅक्टिकलची वेगळी, आणि प्रॅक्टिकल चार चार तासांचं असतं. विद्यार्थी पासमध्ये ६६.६७ टक्के सवलत आहे ते खरं पण एसटी आली तर पास कामाचा ना. माझी मैत्रीण दिग्रसकडून अपडाऊन करायची, पावसाळ्यात नाल्याला पूर आला की दोन दिवस घरी, तिला फर्स्ट इयरला एका विषयात हजेरी कमी पडली म्हणून बसू दिलं नाही.
अजून एक, ती पीसीबीवाली आहे म्हणजे पहिल्या सेमला रेमेडियल मॅथ्स येणार. आताच सांगून ठेवा. आमचं अर्धं हॉस्टेल लॉगरिदम पाहून रडलं होतं.

कागदावरचा_सर
मी एम.फार्म, विदर्भातल्याच एका नवीन कॉलेजात दोन वर्षं शिकवलं, आता सोडलं, कोणतं ते विचारू नका. तुमच्या जवळचं तेच असेल असं नाही.
इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री आम्ही चार मास्तर बसून ब्युरेट धूत होतो, खोक्यातून त्याच दिवशी काढलेल्या, स्टॉपकॉकवर कंपनीचं प्लास्टिक तसंच. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये माझ्या बाजूच्या खुर्चीवर एक प्रोफेसर साहेब कोट घालून बसले होते, त्यांना मी त्याच्या आधी कधी पाहिलं नाही आणि नंतरही नाही. कमिटी यायच्या आधी चहा पिताना त्यांनी मलाच विचारलं, सर इथे बाथरूम कुठे आहे. रजिस्टरमध्ये ते माझे एचओडी होते.
इतकी नवीन कॉलेजं कुठून आली ते पण समजून घ्या. पीसीआयने (फार्मसी काउन्सिल ऑफ इंडिया) २०१९ मध्ये ठरवलं होतं की पाच वर्षं नवीन फार्मसी कॉलेज नको. संस्था कोर्टात गेल्या, हायकोर्टांनी ती बंदी उडवली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण तेच कायम ठेवलं, की अशी बंदी नुसत्या ठरावाने घालता येत नाही. त्यानंतर ज्याच्याकडे रोडटच जागा होती त्याने फार्मसी काढली. तुमचं तीन वर्षांचं कॉलेज त्याच पावसात उगवलेलं दिसते.
तुमच्यासाठी खरा मुद्दा कलम १२. कॉलेज सुरू करायची परवानगी वेगळी आणि फार्मसी अ‍ॅक्ट १९४८ च्या कलम १२ खालची मान्यता वेगळी. दुसरी मान्यता पहिली बॅच फायनलला गेली की मिळते, आणि ती असल्याशिवाय स्टेट काउन्सिलमध्ये रजिस्ट्रेशन होत नाही. मेडिकलवाले भाऊ भिंतीला टांगायची जी फ्रेम म्हणतात ती फ्रेमच त्याच्यावर अटकून आहे. यंदाची बॅच निघेल तेव्हा मिळेलही, बहुतेकांना मिळते, पण तुमची बहीण आत गेल्यावर काही त्रुटी निघाली तर भांडायला तुम्हीच जाल. पीसीआयच्या साइटवर कॉलेजचं नाव टाकून बघा.
जुनं म्हणजे चांगलं असंही समजू नका. जुन्यातही फक्त बोर्ड जुना उरलेली कॉलेजं मी पाहिली. दोन्हीकडे स्वतः जा, न सांगता, मंगळवार बुधवार, सकाळी ११ ला. प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये चहा पिऊन परत येऊ नका. मशीन रूममध्ये टॅब्लेट पंचिंग मशीन असते, तिच्या हॉपरमध्ये आणि डायवर पावडर लागलेली असेल तर पोरं वापरतात, चकचकीत असेल तर ती शोकेस आहे. आणि एखाद्या सेकंड इयरच्या पोराला त्याचं फर्स्ट इयरचं अ‍ॅनालिसिसचं जर्नल मागा. टायट्रेशनची रीडिंग बघा. सगळीकडे १०.२, १०.२, १०.२ अन् बाजूच्याच्या जर्नलमध्येही १०.२ असेल तर समजून जा, ब्युरेट कोणी हातात घेतलीच नाही, मागच्या बॅचचं उतरवलं. क्वालिटी कंट्रोलला जायचं म्हणते ना पोरगी, मग तिला हेच चार वर्षं हाताने करायचं आहे.

टिपेश्वरकडला
सगळ्यांचे आभार. टीसी दिली नाही, बॅग घरीच आहे, आई त्यात कांदे ठेवते.
काल अन् परवा दोन्ही कॉलेजं पाहून आलो, बाबांना सोबत नेलं. जवळच्यात मॅडम एक खरोखर चांगल्या भेटल्या, डिसोल्यूशनची मशीन चालू करून बहिणीला दाखवली, गोळी पाण्यात कशी विरघळते, किती मिनिटाला सॅम्पल काढायचं, मन लावून सांगत होत्या. तिथे मला वाटलं आपण उगाच नावं ठेवून राहिलो. पण एचपीएलसीवर (औषधातले घटक तपासायची मशीन) प्लास्टिक कव्हर होतं, विचारलं तर म्हणे कॉलम यायचा आहे. पंचिंग मशीन सरांनी सांगितली तशी, चकाचक. बाबांनी मशीनची किंमत विचारली अन् ऐकून बाहेर येईपर्यंत काही बोलले नाही. कलम १२ चं ऑफिसात विचारलं तर "प्रोसेसमध्ये आहे".
जर्नल मागितलं. दोघांचं पाहिलं. १०.२ नव्हतं, ९.८ होतं. दोघांचंही ९.८.
नागपूरला बिल्डिंग जुनी, जिन्यात पानाचे डाग, बाबांना पाहताच आवडलं नाही. पण जर्नलमध्ये एका पोरीचं रीडिंग ९.४, ९.९, ९.६ अन् खाली लाल पेननं लिहिलेलं, "फ्लास्क नीट धुतला नाही, पुन्हा करा". बाबांनी तो शेरा दोनदा वाचला. हॉस्टेल मात्र फुल्ल, वेटिंगला नाव लिहून घेतलं, म्हणजे रूम पाहावी लागेल.
पण बाबांचं मत फिरलं ते याच्यानं नाही. जवळच्या कॉलेजात लॅबमध्ये जो पोरगा पाणी भरतो तो आमच्या बाजूच्या गावचा निघाला. निघताना गेटपर्यंत आला अन् बाबांच्या कानात म्हणे, काका, माह्यं नाव नका सांगू, पण पोरीले नागपूरले धाडा.

वणीचा_मेडिकलवाला
हे घ्या, पाणी भरणाऱ्यानं निकाल देल्ला. मी आता काही बोलत नाही. डी.फार्मचं मात्र माह्यं म्हणनं वापस घेत नाही.

आर्णीची_पोर
😂 काका तुम्ही तुमच्या जागी बरोबर, तिला दुकान टाकायचं असतं तर मीही हेच म्हटलं असतं.
दादा आता ऑप्शन फॉर्म. त्यात ही दोनच टाकून मोकळे होऊ नका. अमरावतीचं गव्हर्नमेंट कॉलेज ऑफ फार्मसी सगळ्यात वर टाका. ७८ ला बहुतेक लागणार नाही, पण वर टाकल्याने खालचं काही जात नाही, वरचं मिळालं नाही की सिस्टीम पुढचं बघते. लोक "आपल्याला कुठे लागते" म्हणून टाकतच नाहीत. फक्त एक लक्षात ठेवा, पहिल्या नंबरचं लागलं की ऑटो फ्रीझ होतं, पुढच्या राऊंडला जाता येत नाही, म्हणून पहिल्या नंबरवर असंच कॉलेज पाहिजे की लागलं तर डोळे मिटून जायचं. आणि जिथे जायचंच नाही ते लिस्टमध्ये शेवटीसुद्धा टाकू नका, नेमकं तेच लागतं.
घाई करू नका, फार्मसीचे राऊंड इंजिनिअरिंगच्या मागेच चालतात.

कागदावरचा_सर
वरच्या ताईला अनुमोदन. नागपूरचा एक फायदा राहिला सांगायचा. सहाव्या सेमनंतर किमान १५० तासांचं ट्रेनिंग असतं. बुटीबोरी, कळमेश्वर, मिहान, सगळीकडे औषधाच्या कंपन्या आहेत, रूमवरून जाऊन येता येते. दूरच्या कॉलेजची पोरं ते तास गावातल्या मेडिकलवर सही शिक्का घेऊन भरतात. (मेडिकलवाले भाऊ, तुमच्यावर नाही.)

वणीचा_मेडिकलवाला
माह्यावरच हाय. दरसाली दोनतीन पोट्टे येतेच शिक्का मागाले.

टिपेश्वरकडला
फॉर्म असा ठरला: अमरावती गव्हर्नमेंट, मग नागपूर विद्यापीठाचं स्वतःचं फार्मसी डिपार्टमेंट, मग आपलं जुनं नागपूरवालं, मग यवतमाळ शहरातली दोन. जवळचं टाकू नको म्हटलं तर आई रुसली, रात्री जेवली नाही, त्या मॅडम किती चांगल्या होत्या म्हणे. बहीणच म्हणाली टाक शेवटी सहाव्या नंबरवर, लागलं तर मी मॅडमकडून शिकीन. ताई तुमचं ऐकायला पाहिजे होतं हे माहीत आहे, पण घरी राहायचं आहे मला.
कन्फर्म अजून केलं नाही. आज कागद काढले तर नॉन क्रिमीलेयर ३१ मार्चलाच संपलेलं निघालं, बारावीच्या गडबडीत कोणाच्याच लक्षात नाही. सेतूवर गेलो, चार वाजेपर्यंत बसलो, सर्व्हर डाऊन. उद्या सकाळी पुन्हा जातो, बाबा आजच नंबर लावायला चप्पल ठेवून ये म्हणत होते.