वाचनालयात कोहा बसवून दिलंय. उरलेले पैसे देण्याआधी काय काय तपासू?

देवघेव_खिडकी:
नमस्कार. कोकणातलं तालुक्याचं वाचनालय, 'ब' वर्ग. ग्रंथपाल मी, देवघेवीला मी आणि संध्याकाळी कुलूप लावायलाही मीच. कार्यकारिणीने एका संगणकवाल्याकडून कोहा, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी, शोध आणि देवघेव सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवून घेतलं. जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली, तोच सर्व्हर. त्याने ब्राउझरमध्ये पान उघडून दाखवलं, "ताई, चालू आहे बघा" म्हणाला आणि बिल ठेवून गेला. अर्धे पैसे दिलेत. उरलेल्यांच्या चेकवर सही करू का, असं कार्यवाह रोज विचारतात.

पान उघडतं, नाही असं नाही. पण त्यानेच एक्सेलमधून चढवलेली पुस्तकं शोधली की काहीच सापडत नाही. गंमत म्हणजे दाखल क्रमांक टाकला की त्याच पुस्तकाची देवघेव मात्र होते! तो म्हणतो, "इंडेक्सला वेळ लागतो, थांबा." त्यात परवा लाइट गेली. आल्यावर माझ्या टेबलावरच्या संगणकात पानच उघडेना. त्याने येऊन काहीतरी केलं, काय केलं ते सांगितलं नाही. टर्मिनलला मी घाबरत नाही, फक्त काय टाइप करायचं ते सांगा.

बघतो_सांगतो:
चेक थांबवा. आणि बिलात 'सॉफ्टवेअर लायसन्स' अशी ओळ आहे का बघा. कोहा जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, त्याला लायसन्सचे पैसे पडत नाहीत. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या वाचनालयांनी वाय-टू-केच्या, म्हणजे २००० साल लागताच जुनी सॉफ्टवेअर चुकतील या धास्तीने करून घेतलेलं हे सॉफ्टवेअर, जानेवारी २००० मध्ये सुरू झालं. बसवण्याची मजुरी द्यायची, ती जरूर द्या.

जुना_टर्मिनल:
ताई, पान उघडलं म्हणजे अपाची (ब्राउझरला पानं पाठवणारा कार्यक्रम) चालू आहे, सगळंच चालू आहे असं नाही. कोहा म्हणजे पाच-सहा कार्यक्रमांची मंडळी. मारियाडीबीत नोंदी राहतात, झेब्रा शोध घेतं, प्लॅक पानं चटकन देतं, मेमकॅश्ड वारंवार लागणाऱ्या गोष्टी लक्षात ठेवतं, आणि नवी नोंद झेब्रापर्यंत पोचवणारा इंडेक्सर वेगळाच. दाखल क्रमांकाने देवघेव होते कारण ती थेट मारियाडीबीतून होते. शोध झेब्राकडून येतो. म्हणजे तुमची नोंद आहे, झेब्राला ती माहीत नाही.

आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप रोमनमध्ये करा. आधी 'सुडो कोहा-लिस्ट --एनेबल्ड'. यात तुमच्या वाचनालयाला त्याने काय नाव दिलंय ते दिसेल, बहुधा 'लायब्ररी'. मग 'सुडो कोहा-झेब्रा --स्टेटस लायब्ररी'. तसंच कोहा-इंडेक्सर, कोहा-प्लॅक आणि कोहा-वर्करचं (हा मागच्या मागे कामं उरकतो) विचारा. चौघांनीही 'रनिंग' म्हणायला हवं.

इंडेक्सर बंद असेल तर 'सुडो कोहा-इंडेक्सर --स्टार्ट लायब्ररी', आणि जुन्या नोंदींसाठी एकदा 'सुडो कोहा-रिबिल्ड-झेब्रा -एफ -व्ही लायब्ररी'. नंतर एक नवं पुस्तक स्वतः नोंदवा आणि लगेच शोधा. इंडेक्सर दर काही सेकंदांनी बघत असतो, त्यामुळे चहा संपायच्या आत ते सापडायलाच हवं. "दोन दिवस थांबा" ही थाप आहे.

आता लाइटचं. आत्ता चालू असणं वेगळं आणि मशीन सुरू झाल्यावर आपोआप चालू होणं वेगळं. 'सिस्टिमसीटीएल इज-ॲक्टिव्ह अपाची२' पहिलं सांगतं, 'सिस्टिमसीटीएल इज-एनेबल्ड अपाची२' दुसरं. मारियाडीबी, मेमकॅश्ड आणि कोहाच्या सेवा सुरू करणारं कोहा-कॉमन यांचंही हेच विचारा. मग मशीन रीतसर रीबूट करा, कुठल्याही आज्ञेला हात लावू नका, आणि पान सर्व्हरवर नाही, तुमच्या टेबलावरून उघडा.

कोहात 'अबाउट' पानावर 'सिस्टम इन्फर्मेशन' असा टॅब आहे. तिथे कोहा स्वतःच तक्रारी मांडतं. पुष्कळ लोक हे पान बघतच नाहीत, का कोण जाणे. तिथलं जे असेल ते इथे टाका.

देवघेव_खिडकी:
केलं सगळं. इंडेक्सर 'नॉट रनिंग'. सुरू केला, रिबिल्ड केलं, इंग्रजी पुस्तकं धडाधड सापडायला लागली. मराठी अजून धड नाहीत. 'पाऊस' शोधलं तर भलतंच येतं.

रीबूट केल्यावर सगळे 'एनेबल्ड' आणि 'ॲक्टिव्ह', तरी टेबलावरून पान उघडत नाही. सर्व्हरवर बसून उघडलं तर उघडतं!

जुना_टर्मिनल:
मग सॉफ्टवेअर बरं आहे, पत्ता बदललाय. सर्व्हरवर 'आयपी ए' टाइप करा. राउटर दरवेळी नवा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, देत असणार आणि तुमच्या संगणकात जुना साठवलेला असणार. राउटरमध्ये त्या मशीनसाठी एक आयपी राखून ठेवायचा, पाच मिनिटांचं काम. परवा येऊन त्याने नवा पत्ता टाकून दिला असेल, दुसरं काय.

कॅटलॉगकार:
मराठीचं मी सांगते, आमच्या कॉलेजात हेच झालं होतं. झेब्रा मुळात जे अक्षरकोष्टक वापरतं त्यात देवनागरी शब्द नीट तोडले जात नाहीत. त्याला आयसीयू, म्हणजे निरनिराळ्या लिप्यांतले शब्द नीट तोडणारी यंत्रणा, वापरायला सांगावं लागतं. 'ईटीसी/कोहा/झेब्राडीबी/ईटीसी' या फोल्डरात 'डिफॉल्ट डॉट आयडीएक्स' फाइल आहे. तिची आधी प्रत काढा. 'चारमॅप वर्ड-फ्रेज' अशा ओळींपुढे # लावायचा आणि आयसीयूचेनच्या ओळींचा # काढायचा. कोहा-कॉमन रीस्टार्ट, पुन्हा पूर्ण रिबिल्ड. मराठी वाचनालयात कोहा बसवणाऱ्याने हे न करताच बिल लावावं, कमाल आहे.

देवघेव_खिडकी:
'पाऊस' पडला! जोडाक्षरंही सापडतायत. आयपी राउटरमध्ये बांधला. अबाउट पानावर इशारा एकच, कोहाच्या डेटाबेस खात्यानेच कोणी लॉगिन करतंय असा. तो माणूस मला तेच खातं देऊन गेलाय.

जुना_टर्मिनल:
ते खातं बसवण्यापुरतं. स्वतःसाठी कर्मचारी खातं करा, त्याला हवे तेवढे अधिकार द्या आणि रोज तेच वापरा.

आता बॅकअप, कारण तुम्ही रात्री मशीन बंद करत असणार. कोहा रोजचा बॅकअप आपोआप काढतं, पण डेबियनवर रोजची कामं सकाळी ६.२५ ला चालतात. त्या वेळी मशीन झोपलेलं असेल आणि हुकलेली कामं नंतर करणारा ॲनाक्रॉन नसेल तर बॅकअप निघतच नाही, आणि कुणी ओरडतही नाही. 'व्हार/स्पूल/कोहा/लायब्ररी' मध्ये कोणत्या तारखांच्या फायली आहेत?

देवघेव_खिडकी:
एकाच दिवसाच्या दोन फायली. आदल्या रात्री लाइट नव्हती म्हणून मी मशीन बंद न करताच घरी गेले, आणि पहाटे लाइट आल्यावर ते आपोआप सुरू झालं, तो दिवस.

जुना_टर्मिनल:
'सुडो ॲप्ट इन्स्टॉल ॲनाक्रॉन'. मशीन सकाळी उशिरा सुरू झालं तरी राहिलेलं काम मग होतं. जुन्या फायली दोनेक दिवसांत पुसल्या जातात, म्हणून आठवड्याला जोडी पेनड्राइव्हवर घ्या, दोन्ही हव्यात: एसक्यूएलची (नोंदींची) आणि टारची (सेटिंगची). आणि दुसऱ्या एखाद्या संगणकावर तीच कोहा आवृत्ती टाकून, 'कोहा-रिस्टोअर'ला त्या दोन फायली देऊन बघायला त्या संगणकवाल्यालाच सांगा. चालत्या सर्व्हरवर हा प्रयोग नको.

देवघेव_खिडकी:
कार्यवाहांच्या सहीने पत्र गेलं: रिस्टोअर करून दाखवा, सर्व्हरचा रूट (सर्वाधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड लेखी द्या, डेटाबेस खात्याचा पासवर्ड बदला. बिलात लायसन्सची ओळ होतीच, तीवर लाल पेनाने रेघ मारली आहे. सोमवारी येतो म्हणालाय.