सार्वजनिक ग्रंथालयांतील विनामूल्य कार्यक्रम : सुरुवात कोठून करावी?

नवीन शहरात येऊन आम्हाला जेमतेम महिना झाला आहे. घराजवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या सूचनाफलकावर इतक्या विनामूल्य उपक्रमांची पत्रके लावलेली दिसली, की मी वाचून गोंधळून परत आले. आमच्या घरात तिघींच्या गरजा तीन तऱ्हेच्या आहेत. सहा वर्षांच्या मुलीला अक्षरे येतात, परंतु कोणासमोर मोठ्याने वाचायला ती बुजते. सासूबाईंचा दिवस सरता सरत नाही, आणि त्यांचा स्मार्टफोन त्यांच्यापेक्षा आम्हीच अधिक हाताळतो. मी स्वतः नोकरीच्या शोधात आहे. यांपैकी कोणते उपक्रम खरोखर वेळ देण्याजोगे असतात? सभासदत्व नसताना जाता येते का? आणि विनामूल्य म्हटल्यावर शेवटी काही गळ्यात मारतील, अशी शंका बाळगावी का?

प्रतिसाद १

शेवटच्या शंकेपासून आरंभ करतो. सार्वजनिक ग्रंथालय तत्त्वतः निःशुल्क असावे, असे युनेस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयविषयक जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलेले आहे. हा जाहीरनामा प्रथम 1949 मध्ये निघाला आणि त्याची अलीकडची आवृत्ती 2022 ची आहे. हे उपक्रम बहुधा सार्वजनिक निधीतून आणि स्वयंसेवकांच्या श्रमांतून चालतात, त्यामुळे ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणून कोणी हिणवले तरी संकोच करू नये. मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. ग्रंथालयाचा स्वतःचा उपक्रम वेगळा, आणि एखाद्या व्यावसायिकाने ग्रंथालयाचे सभागृह घेऊन केलेला ‘मोफत’ गुंतवणूक-परिसंवाद वेगळा. पत्रकावर आयोजक म्हणून कोणाचे नाव आहे, ते आधी पाहावे.

सभासदत्वाचे म्हणाल, तर व्याख्याने आणि गोष्टींचा तास यांना ते सहसा विचारत नाहीत. कार्यशाळेत जागा मोजक्या असल्यास पूर्वनोंदणी मागतात, आणि नोंदणी पूर्ण भरली असली तरी प्रतीक्षायादीत नाव अवश्य घालावे, कारण फुकटच्या कार्यक्रमाला नाव देऊन न येणारे पुष्कळ असतात.

प्रतिसाद २

मी काही वर्षे ग्रंथालयात स्वयंसेवक म्हणून ज्येष्ठांना मोबाइल शिकवत असे, म्हणून सासूबाईंविषयी लिहिते. शिकवणीचा वर्ग निवडताना ‘एका वेळी किती जण’ एवढाच प्रश्न विचारा. तीस जणांपुढे पडद्यावर चित्रे दाखवणाऱ्या व्याख्यानाचा त्यांना उपयोग नाही. शेजारी बसून शिकवणारे कोणी हवे. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींचा ठाम समज होता, की फोन आपले ऐकतच नाही. प्रत्यक्षात त्या चित्रावर बोट टेकवून ते दाबून धरत, त्यामुळे अॅप उघडण्याऐवजी जागचे हलू लागे. शिवाय बोटे कोरडी असल्याने काही वेळा पडद्याला स्पर्शच कळत नसे. दाराची बेल दाबतो तसे नव्हे, टिचकी मारतो तसे करा, असे सांगितल्यावर दहा मिनिटांत त्यांनी नातवाला छायाचित्र पाठवले, आणि तेच पुन्हा चार वेळा पाठवले. सासूबाईंनी स्वतःचाच फोन न्यावा, चार्ज करून न्यावा आणि पासवर्ड वहीत लिहून ती वही घरी ठेवावी.

प्रतिसाद ३

मुलीसाठी एकदाच होणाऱ्या भव्य बालमहोत्सवापेक्षा दर आठवड्याचा साधा गोष्टींचा तास निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. महोत्सवात मूल गर्दी पाहून येते. आठवड्याच्या तासाला तिसऱ्या-चौथ्या खेपेस ते ग्रंथपालांना ओळखू लागते आणि मग पुढच्या रांगेत सरकते. बुजऱ्या वाचकांसाठी काही ग्रंथालये प्रशिक्षित कुत्र्यासमोर वाचण्याचा उपक्रम चालवतात. 1999 मध्ये अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे अशी एक योजना सुरू झाली. त्यामागचा विचार साधा आहे: कुत्रा चुका काढत नाही. आपल्याकडच्या ग्रंथालयात ही सोय नसेल, तर श्रोत्याचे काम सासूबाईंकडे सोपवावे, मात्र मध्ये एकही शब्द दुरुस्त न करण्याच्या अटीवर.

‘मानवी ग्रंथालय’ नावाचा उपक्रम कोठे दिसल्यास तुम्ही स्वतः जरूर जा. 2000 साली डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या या कल्पनेत पुस्तकाऐवजी माणूस काही वेळासाठी ‘वाचायला’ मिळतो आणि एरवी विचारायला धजणार नाही, ते प्रश्न त्याला विचारता येतात. नोकरीसाठी त्याचा थेट उपयोग नाही, हे मान्य. त्यासाठी अर्ज आणि परिचयपत्र तपासून देणारी वैयक्तिक भेटीची वेळ मिळते का, हे काउंटरवर विचारा. अशा सोयींचे पत्रक पुष्कळदा लावलेलेच नसते.

मूळ प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज जाऊन विचारले. परिचयपत्र तपासण्याची वेळ खरोखरच फलकावर कोठेही नव्हती. ग्रंथपालबाईंनी खणातून वही काढून माझे नाव पुढच्या गुरुवारी लिहिले. मोबाइलच्या वर्गात एका वेळी सहा जण असतात, तेथे सासूबाई प्रतीक्षायादीत दुसऱ्या आहेत. मुलगी गोष्टींच्या तासाला दाराशीच, माझ्या ओढणीचे टोक धरून उभी राहिली आणि आत आली नाही, परंतु निघताना ‘पुढच्या वेळी कोणती गोष्ट आहे’ एवढे तिने विचारले. कुत्र्याची सोय येथे नाही. सासूबाईंना अट सांगितली आहे. पहिल्याच पानावर त्यांनी ती दोनदा मोडली.