लाल टोकाच्या टंगस्टन रॉडमधलं थोरियम किती धोक्याचं?

प्रश्न: नऊ वर्षं टिग वेल्डिंग (टंगस्टनच्या रॉडच्या टोकाने आर्क, म्हणजे विजेची ठिणगी पाडून करायचं वेल्डिंग) करतोय. लाल टोकाचे रॉड टोक काढायला रोज ग्राइंडरवर घासतो, तोंडाला काही न बांधता. त्यात २ टक्के थोरियम ऑक्साइड असतं आणि ते किरणोत्सर्गी आहे, हे काल पाकिटावर वाचलं. रॉड तर कायम खिशातच असतात. मुळात थोरियम घालतात कशाला?

उत्तर: त्यामुळे तापलेल्या टोकातून इलेक्ट्रॉन सहज सुटतात, आर्क पटकन लागतो. खिशातल्या रॉडची चिंता नको, चिंता धुळीची करा. थोरियम-२३२ चं अर्धायुष्य, म्हणजे त्यातलं निम्मं किरण सोडत संपायला लागणारा काळ, सुमारे १४०० कोटी वर्षं, इतकं सावकाश ते झिजतं. त्यातून किरणोत्सर्गात सुटणारे अल्फा कण कातडीच्या वरच्या मृत थरातच अडतात. फुप्फुसात मात्र असा थर नसतो. पूर्वी एक्स-रेसाठी थोरोट्रास्ट नावाचं थोरियमचं औषध शिरेत टोचत. ते यकृतात साठून राहिलं आणि कित्येकांना अनेक वर्षांनी कॅन्सर झाला. तुमची मात्रा त्याच्या जवळपासही नाही, पण धुळीचा मास्क आजपासून लावाच. पूड झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा.

दुसरं उत्तर: मी निळ्या टोकाचे, लँथॅनमवाले वापरतो. किरणोत्सर्गाची भानगडच नाही. डीसीवर स्टीलला मस्त चालतात.

प्रश्नकर्ता: आभार. आत्ता ग्राइंडरखाली पाहिलं, करड्या पुडीचा नखाएवढा थर आहे. तिथेच बसून डबा खायचो. आधी ते बंद.